तीन दिवस बरे गेले

केराबाईला रडताना प्रियदर्शनीनं एकदाच पाहिलं आणि त्याच दिवशी मानसिंगला सोडायचं नाही हे ठरवून टाकलं.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात दोघी शिलाईला होत्या. नऊ वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर प्रियदर्शनी कुंभारीहून कामाला आली, तेव्हा तिला मशीनमध्ये दोरासुद्धा ओवता येत नव्हता. केराबाईनं तिला शेजारी बसवून सगळं शिकवलं. आता केराबाईची पन्नाशी उलटली होती, साखरेचा आजार जडला होता. बाथरूमला जायचं तर सुपरवायझर मानसिंगला विचारायचं, असा त्याचा नियम. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचा, "परत? आत्ताच जाऊन आलीस की!"

त्या दिवशी त्यानं केराबाईला दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा विचारायला उठली, तोवर उशीर झाला होता. मानसिंगनं फडकं मागवलं आणि चाळीस बायांसमोर तिच्याकडूनच फरशी पुसून घेतली; ती रडत रडत पुसत राहिली. दुसऱ्या दिवसापासून केराबाई आली नाही.

मानसिंगच्या मोटारसायकलच्या टाकीत साखर ओतावी, असं प्रियदर्शनीच्या मनात कितीदा आलं. पण गाडी काय, दुरुस्त होते. त्याला चारचौघांत मान खाली घालायला लावायची होती.

महिन्याभरानं कॉलेजातली साक्षी नावाची पोरगी आली. कामगारांचा दिवस कसा जातो, याचा ती मोबाइलवरून अभ्यास करणार होती. पंधरा कामाच्या दिवसांत रोज दोनदा लिंक येणार, एकदा कामावर दुपारी आणि एकदा घरी गेल्यावर. हसरा, साधा की रडका, एक चेहरा दाबायचा. खाली वाटलं तर दोन ओळी लिहायच्या.

"नाव टाकायला जागा कुटं हाय?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"नावं नकोतच, ताई. कुणाला त्रास व्हायला नको."

'मला तर द्यायचाच हाय,' ती मनात म्हणाली.

दुपारची लिंक आली की मानसिंग रांगेतून फिरायचा. "हसरं दाबा, हसरं!" बाया दाबायच्या. संध्याकाळी मात्र तो घरी येऊन बघणार नव्हता. मेहुणीच्या लग्नासाठी तो पुढच्या आठवड्यात तीन दिवस रजेवर आहे, हे कळलं तेव्हा प्रियदर्शनीला वाट सापडली.

सकाळी टमटममध्ये तिनं बरोबरच्या बायांजवळ विषय काढला. "संध्याकाळचं खरं लिवा. दिवस वाईट गेला तर रडकं, बरा गेला तर हसरं."

"कळलं तर घरी बसवतील की," दानम्मा म्हणाली.

"नाव विचारतंय का ते?"

नागूबाईला चेव आला. "मारतो म्हणून लिवू का?"

"खोटं एक अक्षर न्हाय. खोट्यातनं सुटंल तो."

जेवणाच्या सुट्टीत हा निरोप बाकीच्या बायांपर्यंत पोचला. प्रियदर्शनी स्वतः रोज घड्याळ बघून लिहायची. अकरा वीसला विचारलं, बारा पाचला सोडलं. दातओठ खात लिहायची, पण एक मिनिटही वाढवायची नाही.

अभ्यास संपल्यावर निकाल दाखवायला साक्षीनं कॅन्टीनमध्ये पडदा लावला. मालक पुढं बसले होते, मानसिंग भिंतीला टेकून उभा. आलेखात दुपारच्या चेहऱ्यांची रेघ पंधराही दिवस वर होती. संध्याकाळची तळाला लोळत होती, मध्येच तीन दिवस उसळली होती आणि पुन्हा पडली होती.

"या तीन दिवसांत काय झालं होतं?" मालकांनी विचारलं.

हजेरी लिहिणारा यशपाल चाचरत म्हणाला, "साहेब, तेव्हा मानसिंग रजेवर होते."

साक्षी गोंधळली, पण पुढचं पान आधीच पडद्यावर आलं होतं. मालकांनी ते मोठ्यानं वाचलं. "विचारलं, सोडलं नाही. आता कामावर पाणी पीत नाही." त्याखाली तसंच दुसरं, तिसरं. चौथ्याला ते थांबले आणि वळून मानसिंगकडे बघू लागले. चाळीस बायाही वळल्या.

बाहेर साक्षीनं प्रियदर्शनीला गाठलं. "ताई, कुणी ओळखू यावं असं आम्हाला नको होतं."

"तुमी कुटं सांगितलं? तारखांनी सांगितलं की."

बाथरूमला विचारून जायचा नियम त्याच दिवशी गेला. मानसिंगला गठ्ठे भरायच्या गोडाऊनला धाडलं, दुसऱ्याच्या हाताखाली. आठ दिवसांनी गेटवर तो आडवा आला. "कुणी सुरू केलं हे?"

ती गप्प राहिली असती तर त्याला कधीच कळलं नसतं.

"मी. प्रियदर्शनी."

"वरनं टार्गेट असतं. माझ्या एकट्याचं हाय का हे?"

"नसंल. पण फडकं तुमी मागवलं."

तो बाजूला झाला. ती मागं न बघता टमटममध्ये बसली.

रविवारी ती केराबाईकडे गेली. कामावर परत चल म्हणाली, तर केराबाईनं नाही म्हणून मान हलवली. त्या फरशीवर पाय ठेवणं तिला जमणार नव्हतं. प्रियदर्शनीनं सगळं सांगितलं. केराबाई सरकून जवळ आली.

"सगळ्यांनी बघितलं?"

"सगळ्यांनी."

"त्यो कुटं हुबा हुता? तोंड कसं झालं हुतं त्याचं? नीट सांग."

प्रियदर्शनीनं पहिल्यापासून पुन्हा सांगायला घेतलं, या वेळी सावकाश.