दादाला आणायला अंबरनाथला

शुक्रवारी सकाळी साडेसहाला साताऱ्याहून गाडी काढली, तेव्हा खरं सांगायचं तर मला कुठेच जायचं नव्हतं. प्रवासाच्या ब्लॉगवर लोक उत्साह शोधत येतात. या पोस्टमध्ये तो फारसा सापडणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. तेहतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. जूनमध्ये निवृत्त झाले आणि तेव्हापासून मला नुसतं झोपायचं होतं.

पण अंबरनाथला माझा मोठा भाऊ, सुधाकरदादा, एकटा राहतो. तिथल्याच कारखान्यात फिटर म्हणून त्याची नोकरी झाली. मूलबाळ नाही. तीन वर्षांपूर्वी वहिनी गेली आणि गेल्या वर्षी त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढत चालतो आणि बोलणं जवळजवळ बंद. 'हो', 'नाय' आणि मोजके शब्द, तेही अडखळत. तेव्हा पंधरा दिवसांची रजा काढून जाऊन आले होते. आता घरात नर्स रिकामी बसलेली आणि भाऊ चर्चमधल्या लोकांच्या भरवशावर, हे नातेवाइकांनी मला पुरेसं ऐकवलं होतं. त्याला कायमचं साताऱ्याला आणायचं, असं ठरवून निघाले.

आम्ही बौद्ध. दादाचा चर्चशी संबंध आला तो वहिनीच्या आजारपणात. दवाखान्यात तिच्या समोरच्या वॉर्डात त्या चर्चमधल्या मार्थाबाईंचे यजमान होते. चर्चमधून त्यांच्यासाठी डबा यायचा, तो पहिल्या दिवसापासून दोघांना पुरेल एवढा येऊ लागला. पुढे महिन्याभराच्या अंतराने दोन्ही खाटा रिकाम्या झाल्या. डबा मात्र दादाकडे येत राहिला.

या रस्त्याने कुणाला जायचं असेल तर सांगते. पुण्याच्या पुढे द्रुतगती महामार्गाने खोपोलीपर्यंत जावं आणि तिथून कर्जत, नेरळ, वांगणी करत बदलापूर गाठावं. कर्जतपर्यंत रस्ता बरा आहे. पुढे मधे मधे काम चाललंय आणि डंपरच्या मागे लागलात तर सुटका नाही. कर्जतला वडापाव खाल्ला, गरम होता म्हणून चांगला लागला. ऑक्टोबरचं ऊन, दोन्ही बाजूंना पिवळी पडत चाललेली भातं, लांबवर माथेरानचा डोंगर. एरवी मी गाडी थांबवून फोटो काढले असते. त्या दिवशी काच खालीही केली नाही.

एक वाजता बदलापूरला पोचले. मार्थाबाई रिक्षा स्टँडजवळ उभ्या होत्या. पासष्टीच्या, बारीक, हातात तीन पुडाचा डबा. दवाखान्यात त्यांना एकदोनदाच पाहिलं होतं. शुक्रवारी दादाकडे जायची त्यांची पाळी असते, म्हणून मीच त्यांना गाडीत घेते म्हटलं होतं.

"सलाम, ताई. दमला असाल," त्या बसता बसता म्हणाल्या. चर्चमधले लोक नमस्काराऐवजी सलामच म्हणतात.

पुलावरच्या गर्दीत वीस मिनिटं अडकलो. मनात होतं ते मी तिथेच विचारून टाकलं. "बाई, राग मानू नका. दादाला तुम्ही ख्रिस्ती केलंय का?"

त्या रागावल्या नाहीत. डबा मांडीवर नीट धरत म्हणाल्या, "त्यांनी कधी विचारलं नाही, आम्ही कधी सांगितलं नाही. रविवारी येतात, मागच्या रांगेत बसतात. घरात बुद्धाची मूर्ती आहे ना तुमच्या वहिनींची, तिच्यावरची धूळ शुक्रवारी मीच पुसते. दादांचा हात नाही पोचत तिथवर."

पुढची रिक्षा सरकली, मी गिअर टाकला.

दादाचं घर अंबरनाथ पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. त्याने स्वतः दार उघडलं. वाळला होता, पण दाढी केलेली, शर्टाची बटणं नीट लावलेली. मला बघून डाव्या हाताने माझं डोकं स्वतःच्या छातीशी ओढलं आणि "आ... आली," म्हणाला.

माझा स्वभाव असा की आधी औषधांचा डबा उघडला. मग स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावलेला कागद वाचला. सोमवार ते रविवार, प्रत्येक वारापुढे एक नाव. खाली गोळ्यांच्या वेळा, त्याही तीन वेगवेगळ्या अक्षरांत. वॉर्डातल्या ड्युटी चार्टसारखाच, फक्त जास्त खाडाखोड केलेला.

"काही चुकलंय का?" मार्थाबाईंनी काळजीने विचारलं.

चुकलेलं काही नव्हतं. रक्तदाबाची गोळी जेवणाआधी की नंतर, एवढाच घोळ होता, तो मी दुरुस्त केला. शनिवारपुढे मात्र दादाचंच नाव होतं. बाण काढून 'कॅम्प २' लिहिलेलं.

"हे काय?"

"ते उद्या त्यांच्याबरोबर जाऊनच बघा," त्या म्हणाल्या.

शनिवारी मी कपाट आवरायला घेतलं, तर दादा साडेआठलाच बूट घालून दारात उभा. "दादा, आज सामान भरायचंय रे."

"नाय. शन... वार."

रिक्षाने निघालो. वाटेत अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराकडे वळणारा रस्ता लागला. ते बघण्यासारखं आहे म्हणतात, तुम्ही जरूर बघा, मी रिक्षातूनच पाटी पाहिली. उल्हासनगरच्या कॅम्प नंबर दोनमध्ये स्वतःची गाडी नेऊ नका. रस्ता बोळाएवढा, दोन्ही बाजूंना दुकानं, मधोमध कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या हातगाड्या. नाक्यावर दालपकवान खाल्लं. कुरकुरीत पकवान, वर चण्याची डाळ आणि कच्चा कांदा, दोघांचं मिळून शंभराच्या आसपास. दादाने न सांडता एका हाताने खाल्लं.

तिथून आम्ही मोहनच्या वर्कशॉपमध्ये गेलो. मोहन सिंधी, चाळिशीचा, दादाच्याच चर्चमध्ये येतो. जीन्सला बटणं आणि रिबिटं मारायची तीन मशीन, एवढाच त्याचा पसारा. मागच्या खोलीत त्याचे वडील. वय ऐंशीच्या पुढे, काही लक्षात राहत नाही, दार उघडं दिसलं की चालायला लागतात. दोनदा स्टेशनच्या पलीकडे सापडले होते.

दादा आत गेला, म्हाताऱ्याच्या समोर बसला आणि पत्त्यांचा जोड काढला. म्हातारे त्याच्याशी सिंधीत बोलू लागले, एकसारखे, हसत. दादा डाव्या हाताने पान टाकत "हो, हो" म्हणत होता. एकाला बोलता येत नव्हतं, दुसऱ्याला आठवत नव्हतं, आणि खेळ मात्र चालला होता. म्हातारे मधेच उठले की दादाही उठायचा, पाय ओढत दाराकडे जायचा आणि त्यांचा हात धरून परत आणायचा.

"दीदी, शनिवारी माल द्यायचा असतो," मशीनच्या आवाजातून मोहन सांगत होता. "बाकी दिवस बायको बघते, शनिवारी ती पण माल पोचवायला जाते. दादा नाय आला तर मेरा दुकान बंद. बाबा दुसऱ्या कोणाचं ऐकतच नाय."

"दादा पडला तर? त्याचं स्वतःचंच ठीक नाही," मी म्हटलं. आवाज चढला असावा, कारण मोहनने मशीन थांबवलं.

"मी पण हेच बोललो होतो. तो कागद घेऊन आला, आपलं नाव दाखवलं आणि बसला. मैं क्या बोलता?"

संध्याकाळी घरी आल्यावर मी विषय काढला. साताऱ्याला खालच्या मजल्याचं घर आहे, फिजिओथेरपी जवळ आहे, मी आहे. दादा ऐकून घेत होता. शेवटी विचारलं, "येणार ना?"

"नाय."

मी चिडले. नको ते बोलले. हे लोक किती दिवस येतील, उद्या अंथरुणाला खिळलास तर कोण करणार, रक्ताचं कोण आहे तुला इथे? तो उठला, स्वयंपाकघरात गेला आणि भिंतीवरच्या कागदावर, शनिवारपुढच्या आपल्या नावावर तळहात टेकून उभा राहिला. "मी... पण," म्हणाला. मग पुन्हा, जोर लावून, "मी पण."

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. तो येत नाही म्हणून वाईट वाटलं, ते खरंच. पण त्याच्या आधी, क्षणभर, सुटल्यासारखं वाटलं होतं. पुन्हा बेडपॅन नको, रात्रीची जाग नको. त्या सुटकेची मला एवढी लाज वाटली की बराच वेळ बाहेर येता येईना.

रविवारी त्याच्याबरोबर चर्चला गेले. इमारत अशी नाहीच. एका गल्लीत तळमजल्यावरचा हॉल, पुढे पत्र्याची शेड, प्लास्टिकच्या खुर्च्या, आवाज करणारे पंखे. पन्नास-साठ माणसं. मी शेवटच्या रांगेत दादाशेजारी बसले, कधी उठायचं ते न कळल्यामुळे सगळ्यांच्या नंतर उठत होते. पाळकांचं बोलणं चालू असताना माझा डोळाही लागला.

पेटी वाजली तशी जागी झाले. गीत सुरू झालं होतं आणि माझ्या कानाशी कुणीतरी भसाड्या आवाजात गात होतं. तो दादा होता. शब्द पूर्ण, एकामागून एक, कुठे अडखळणं नाही. बोलणं गेलेल्या रुग्णालाही कधीकधी गाता येतं, हे मला माहीत आहे, मी नव्या नर्सना ते शिकवलंय. पण भावाचा आवाज मी वर्षभर ऐकला नव्हता. गीत संपलं आणि तो पुन्हा गप्प झाला.

नंतर शेडमध्ये चहा आणि उपमा. मार्थाबाई शेजारी येऊन बसल्या. का कुणास ठाऊक, मी त्यांना न्हाणीघरातली सगळी गोष्ट सांगितली.

"यांच्या शेवटच्या महिन्यात मला पण वाटायचं, सुटावं आता," त्या म्हणाल्या. "वाटतं. दमतो ना माणूस. चहा घ्या, निवतोय."

त्यांनी सल्ला दिला नाही, प्रार्थना करू का असंही विचारलं नाही. माझा कप रिकामा होईपर्यंत बसून राहिल्या. इतकी वर्षं मी खाटांशेजारी उभी राहिले, माझ्याशेजारी असं कुणी बसल्याचं आठवत नाही.

सोमवारी एकटीच परतले. दादा गॅलरीत उभा राहून डावा हात हलवत होता. त्याच्यामागे सोमवारच्या पाळीच्या बाई दिसत होत्या.

घरी येऊन आता आठवडा झाला. थकवा तसाच आहे. नातेवाइकांचे फोन आले, रिकाम्या हाताने परत आलीस का म्हणून. मी म्हटलं, तो कामात आहे. ते हसले. तिथे राहून त्याचं पुढे काय होईल, मला सांगता येत नाही. साताऱ्यात मी त्याची उत्तम शुश्रूषा केली असती, याबद्दल शंका नाही. इथे तो दिवसभर माझा रुग्ण झाला असता, हेही तितकंच खरं.

या इमारतीत मी अकरा वर्षं राहतेय. ड्युटीवरून यायचं, दार लावायचं. समोरच्या घरात एक बाई एकट्या राहतात, एवढंच मला माहीत होतं. काल संध्याकाळी पोहे केले, थोडे डब्यात भरले आणि त्यांची बेल वाजवली. दार बोटभर उघडलं.

"काय हवंय?"

"काही नाही. सहज आले."

त्या माझ्याकडे, मग डब्याकडे बघत राहिल्या. मग दाराची साखळी काढू लागल्या. बरेच दिवस काढली नसावी, त्यांना जरा वेळ लागला.