मामाच्या खोलीतले तीन पाहुणे

फुकट राहणाऱ्या पाहुण्यांच्या मी विरुद्ध आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी उगाच दोन्ही बाजू मांडतोय असं कुणाला वाटायला नको. दोन बाजू नव्हत्याच. एक खोली होती, दहा बाय बाराची, दहिसरच्या नदीकाठच्या चाळीत, आणि ती माझ्या मामाची होती.

मामा साकीनाक्याच्या एका कारखान्यात लेथवर होता. लग्न केलं नव्हतं. गावाकडे दशावतारात पायपेटी वाजते ना, पायाने भाता मारायचा आणि दोन्ही हात सुरांवर, तशी पेटी त्याला स्वतःच्या हाताने करायची होती. पुढे कारखाना सोडून पेट्याच करायच्या, एवढंच त्याचं आयुष्याकडे मागणं. सागाचा सांगाडा तयार होता, भाताही शिवून झाला होता. राहिलं होतं सूर लावायचं. पितळेच्या एकेका पातीवर बारीक कानस फिरवायची. टोकाला घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. हात जरा जास्त पडला की पाती वाया. ह्या कामाला काय लागतं? शांतता. रोज तासभर पुरे.

तेवढीच त्या खोलीत नव्हती.

मामाचा एक चुलतभाऊ बायकोला घेऊन आठ दिवसांसाठी आला होता. जागा मिळेपर्यंत, म्हणाला. मी बारावी होऊन अंधेरीच्या कॉलेजात आलो तेव्हा त्या आठ दिवसांना तिसरं वर्ष लागलं होतं. मी त्यांना मामा-मामी कधी म्हटलं नाही. पाहुणे म्हणायचो, त्यांच्या तोंडावरसुद्धा. त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. पाहुणा खाटेवर झोपायचा, कारण त्याची पाठ दुखायची. मामाची पाठ दिवसभर लेथवर वाकलेली असायची, पण ती दुखते असं तो कधी म्हणाला नाही, म्हणून ती दुखत नव्हती. असा तिथला न्याय.

मग पाहुण्याने टीव्ही आणला. ठेवायचा कुठे? पायपेटीवर. उंची बरोबर आली. खाली मामाचं स्वप्न, वर पाहुण्याचा टीव्ही, त्यावर पाहुणीने विणलेला रुमाल.

"बघ, तुझ्या पेटीचो कायतरी उपयोग झालो," पाहुणा म्हणाला. मामा हसला. मला त्या हसण्याचाच राग यायचा.

संध्याकाळी अख्ख्या चाळीतली पोरं आत. दाराबाहेर चपलांचा ढीग. मामा कामावरून यायचा आणि त्याच्याच घरात त्याला पाय ठेवायला जागा नसायची. तो मोरीच्या उंबऱ्यावर बसून चहा प्यायचा. सकाळी पात्यांचा डबा घेऊन नदीवर जाऊन बघितलं त्याने. तिथे धोबी आणि तबेल्यातल्या म्हशी. एकदा परत आला आणि तीन पात्या त्याने खिडकीत ठेवल्या. तिन्ही वाया गेल्या होत्या. पाहुणीने त्यातली एक उचलून सुरण खरवडायला घेतली.

तेव्हा मी भाडेकरूंच्या एका संघटनेत होतो. पत्रकं लिहायचो, स्टेन्सिल कापायचो, आणि लिहिलेलं आधी मोठ्याने वाचून बघायचो, कारण पत्रक कानाला लागलं पाहिजे असं आम्हाला शिकवलं होतं. त्याच शाईने मी एक पत्रक मामाच्या दारावर चिकटवलं. 'ही खोली कुणाची? राबतो कोण? झोपतो कोण?' पाहुण्याने ते शेजाऱ्यांना वाचून दाखवलं. "भाच्याचं अक्षर झकास आहे हां," म्हणाला. मामाने ओल्या फडक्याने कागद सोडवला, फाटू न देता.

"अरे, पण ते खंय जातले?" त्याने मला विचारलं.

मुंबईत खोली मिळत नाही हे मीच सभांतून ओरडून सांगत होतो. पण खोली न मिळणं ही व्यवस्थेची चूक असेल, पेटीवर टीव्ही ठेवणं ही नव्हे. हे मला तेव्हा सुचलं नाही, आता सुचतंय.

पाहुणा नोकरीत कायम झाला आणि त्याने सत्यनारायण घातला. मामाच्या खोलीत, मामाला न विचारता. पूजा आटोपल्यावर गाऱ्हाणं. आमच्याकडे एकाने देवाशी बोलायचं आणि प्रत्येक वाक्यामागून जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. ते ऐकून कुणी म्हणत नाही. ताल असतो, लहानपणापासून तोंडात बसलेला. पण एकदा म्हटलं की म्हटलं. देवासमोर दिलेला होकार आमच्यात कुणी परत घेत नाही.

"गाऱ्हाणं तूच घाल, खोली तुझी ना," पाहुणा म्हणाला. चार वर्षांत पहिल्यांदा म्हणाला.

मामाने नारळ ठेवला.

"बा सत्यनारायणा, ह्या तुझ्या लेकरान पूजा मांडल्यान, ती मान्य करून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"माझो भाव आणि भावजय ह्या खोलयेत सुखान ऱ्हवांदेत म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." पाहुण्याचा आवाज सगळ्यांच्या वर.

"आणि येत्या ऐतवारी मी माझी पेटी घेवन साकीनाक्याक ऱ्हवाक जातंय. तेका कोणी आडो येव नये, माझ्या मागसून कोणी येव नये म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सगळे म्हणाले. पाहुणा म्हणाला, पाहुणी म्हणाली, देव न मानणारा मीही म्हणालो. मग पाहुण्याने वाटायला उचललेला शिऱ्याचा द्रोण हातात तसाच राहिला.

"तू काय बोललंस आता?"

"तू व्हय म्हटलंस मा?" मामा म्हणाला आणि प्रसाद वाटायला लागला.

मी भडकलो. जायचं त्यांनी, आणि हा स्वतःची खोली त्यांना देऊन चालला. मोरीत भांडी विसळताना मी त्याला घेरलं. याला पळून जाणं म्हणतात, म्हटलं. तो म्हणाला, "व्हय." एवढंच. मग मी म्हटलं, बरं, मी पण येतो तुझ्याबरोबर, मला कुठेही चालेल.

मामाने भांडं उपडं घातलं. "तू हयच ऱ्हव रे," म्हणाला. "तू वाचतंस मोठ्यान."

दोन वर्षं मी त्याच्या घरात राहत-जेवत होतो. पाहुणे मोजताना मी नेहमी दोनच मोजले होते.

रविवारी पेटी न्यायला टेम्पो आला. टीव्ही पाहुण्याने स्वतः उचलला आणि माझ्या टेबलावर ठेवला, माझ्या पत्रकांवर. तो पुढे तिथेच राहिला.

दीड महिन्याने पाहुणीचा भाऊ गावाहून नोकरी बघायला येणार होता. पाहुण्याने मला साकीनाक्याला पिटाळलं, दोन-चार दिवस मामाकडे टाकू म्हणून. मागून कुणी जायचं नाही असं ठरलं होतं, मी म्हटलं. "देवाक काय तेवढीच कामां आसत?" पाहुणा म्हणाला.

मामाने एका वर्कशॉपवरचा पोटमाळा घेतला होता. सुट्टी होती, खालची यंत्रं बंद. लोखंडी जिना चढून मी दाराशी पोचलो आणि आतून एक सूर आला. लांब, किंचित कापरा. थांबला. कानस तीनदा फिरली, हलकी. पुन्हा तोच सूर, या वेळी सरळ. मग बराच वेळ काहीच नाही. मी उचललेला हात तसाच खाली घेतला. जिना वाजू नये म्हणून चपला काढून उतरलो.

घरी पोचलो तर टीव्ही चालू होता. पाहुण्याने मान न वळवता विचारलं, भेटला का?

"कुलूप होतं," मी म्हटलं.

"मग उद्या जा."

"उद्याही असेल."