दुर्बीण विकणारी वैशाली

वैशाली कांबळे कुठल्याही हॉस्पिटलात गेली की आधी डॉक्टरांच्या केबिनकडे वळायचीच नाही. थेट ऑपरेशन थिएटरच्या मागे, जिथे मावशी अवजारं धुतात, तिथे जाऊन उभी राहायची. "धुणारीला विचारल्याशिवाय कापणाऱ्याला काय विकायचं?" असं म्हणायची. मी टाय सारखा करत बाहेरच्या बाकावर ताटकळायचो आणि तिला आत चहा मिळालेला असायचा.

आम्ही एकाच कंपनीत होतो. बायकांच्या पोटाची ऑपरेशनं दुर्बिणीतून करायला लागणारी यंत्रं विकायचो. मी एमबीए, ती भायखळ्याच्या चाळीत वाढलेली, आधी थिएटरमधली नर्स. गिरगावापासून लालबागपर्यंत लहानसहान नर्सिंग होमनासुद्धा आता दारावर 'दुर्बिणीची सोय' असा बोर्ड हवा होता. मागणी वाढत होती, पण ती यंत्रं चालवणारे तयार हात फार थोडे होते. मीटिंगमध्ये साहेब दर महिन्याला तिचं नाव घ्यायचे. मी टाळ्या वाजवायचो आणि मनात म्हणायचो, हिला एकदा तोंडावर आपटलेलं बघायचंय.

परळच्या एका वयस्कर डॉक्टरांना पूर्ण संच हवा होता. पुढच्याच आठवड्यात पहिलं ऑपरेशन. वैशालीनं त्यांना सरळ सांगितलं, "सर, आधी शिकून या. तोवर मी विकणार नाही." डॉक्टर भडकले. त्याच संध्याकाळी मी जाऊन ऑर्डर घेतली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले. तिनं पेढा हातात धरून विचारलं, "पेशंट कोण आहे, विचारलंस?"

नव्हतं विचारलं.

पेशंट होत्या माहीमच्या कोळीवाड्यातल्या शैलाताई. गर्भाशय काढायचं होतं. लवकर बरं होऊन पुन्हा मासळी विकायला बसता येईल, म्हणून त्यांनी दुर्बीण निवडली होती. ऑपरेशनच्या वेळी मी थिएटरातच उभा होतो. पडद्यावर एकाएकी सगळं लाल झालं. डॉक्टरांचे हात थबकले.

"अहो, आता काय करू?" ते मला विचारत होते. मला फक्त माहितीपत्रक पाठ होतं.

तेवढ्यात सिस्टरनं झाकलेला ट्रे पुढे ओढला. "सर, पोट उघडा. सगळं तयार आहे."

शैलाताई वाचल्या, पण पोटावर वीतभर टाके घेऊन. नंतर सिस्टर म्हणाली, "वैशालीताई काल येऊन पोट उघडायच्या अवजारांचा हा ट्रे लावून गेल्या. म्हणाल्या, लागू नये, पण असू दे."

मला हायसं वाटायला हवं होतं. आला तो रागच. मी चुकणार हे तिनं ओळखलं होतं, आणि मला पडूही दिलं नव्हतं.

"साहेबांना सांगणार आहेस?" मी विचारलं.

"तू सांग रे. मी कशाला?"

मी सांगितलं नाही. शैलाताईंना दोन महिने मासळी विकायला बसता आलं नाही. वैशाली त्यांच्या घरी जाऊन यायची, हे मला दुसऱ्यांकडून कळलं.

वर्षभरानं तिनं नोकरी सोडली. आता ती दादरला थिएटरमधल्या नर्सना शिकवते. तिच्या निरोपाच्या दिवशी भाषण माझ्याकडेच आलं. मी तिचं तोंडभरून कौतुक केलं. सगळ्यांना वाटलं, मनापासून. ती मात्र माझ्याकडे एकटक बघत होती. सगळे पांगल्यावर जवळ येऊन म्हणाली, "शैलाताईंना एकदा भेटून ये रे. त्या काही बोलणार नाहीत. तरी जा."

मी अजून गेलेलो नाही.