भावोजींचा तळहात आणि पट्ट्याचं पोट

आमच्या भावोजींचा हात हाच त्यांचा थर्मामीटर, असं निदान ते तरी मानत. उभं आयुष्य लाँड्रीत इस्त्री फिरवण्यात गेलेलं. इस्त्री किती तापली ते दिव्यावरून नाही, हात लावून ठरवायचं, आणि रेशमापासून जाड कोटापर्यंत एकही कपडा त्यांनी कधी जाळला नाही. याचा त्यांना तोरा होता आणि तो ते लपवतही नसत.

घरात साप आला तो माझ्या भाचीच्या, म्हणजे त्यांच्या लेकीच्या, हौसेपायी. मनगटाएवढा जाड, बिनविषारी, आणि इतका गरीब की घाबरला की स्वतःच्याच वेटोळ्यात डोकं खुपसून बसे. भावोजींनी त्याचं नाव पट्टा ठेवलं. "या घरात सुरकुती नसलेला हा एकटाच," असं ते आल्यागेल्याला सांगत. ताईनं मात्र सापाच्या खोलीत पाऊल टाकणार नाही असं जाहीर केलं, आणि शब्द पाळला. तिचा झाडूसुद्धा उंबऱ्याशी थांबायचा.

पुढे भाचीची बदली झाली. नव्या घरमालकाला साप चालेना. पट्टा कुणाला तरी देऊन टाकायचं म्हणत ती त्याची पेटी पुसत बसली, तेव्हा भावोजी म्हणाले, "देतेस कशाला? मी आहे ना." जाताना तिनं बजावून सांगितलं, की काचेच्या पेटीखालची चटई विजेवर तापते, तेव्हा पेटीतल्या थर्मामीटरचा आकडा बघत जा. भावोजींनी मान डोलावली. मान डोलावण्यात ते पहिल्यापासून पटाईत.

थंडी वाढली आणि नेमका तो थर्मामीटर बिघडला. नवा आणायचं सोडून भावोजींनी पेटीत तळहात टेकवला. गार लागलं. त्यांनी चटईचं बटण जरा पुढे सरकवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हात, पुन्हा गार, पुन्हा बटण. पट्टा जागचा हलला नाही, म्हणजे त्याला मानवतंय असं ते धरून चालले. पोटाखालचा चटका सापाला वेळेवर कळत नाही, हे आम्हाला मागाहून समजलं.

पेटी साफ करायला त्यांनी त्याला उचललं तेव्हा मी दारातच होते. पोटावरचे खवले लालभडक, मध्ये पाण्यानं भरलेले फोड. भावोजींचं तोंड उतरलं. "तेल लावा थोडं," ताई बाहेरून म्हणाली. मी म्हटलं, "काही लावू नका. आधी डॉक्टर."

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "चटई तापलेली कळली नाही?"

"रोज हात लावत होतो. गार लागायची."

बाईंनी त्यांचा हात उलटा करून पाहिला. चपलेच्या तळासारखी कातडी. मग पट्ट्याला इंजेक्शन दिलं आणि घरी काय करायचं ते समजावलं. फोड फोडायचे नाहीत, तेलबिल लावायचं नाही. भुसा काढून साधा कागद अंथरायचा, घाण झाला की बदलायचा. कोमट पाण्यात आयोडीनचं औषध फिक्या चहाच्या रंगाइतकं घालून त्यात पोट भिजवायचं, डोकं वर ठेवायचं, मग अलगद टिपून मलम लावायचं. वास आला, पू दिसला, तर लगेच घेऊन यायचं.

"वाचेल ना?" भावोजींनी विचारलं.

"जंतू आत शिरले नाहीत तर."

भावोजींनी लेकीला स्वतः फोन केला. "सुट्टी मिळाली की येते," ती म्हणाली. "मग ठरवू, त्याला तुमच्याकडे ठेवायचं की नाही."

घरी पट्ट्याच्या खोलीत टबात पाणी ओतलं आणि सगळं अडलं. कोमट म्हणजे किती? नवा थर्मामीटर आणला होता, पण त्याच्यावर भावोजींचा विश्वास अजून बसला नव्हता आणि हातावरचा उडाला होता. ते टबाशी नुसते बसून राहिले. मला त्यांची कीव आली. एवढ्यात ताई उंबरा ओलांडून आत आली, पदर खोचला आणि कोपर पाण्यात बुडवलं. "कढत आहे. गार ओता अजून." लेकीला न्हाऊ घालताना ती असंच करायची. पट्ट्याकडे तिनं पाहिलं नाही, पण त्या दिवसापासून पाण्याचं काम तिचं झालं.

जखमा सुकल्या. पट्ट्यानं कात टाकली. नव्या कातडीवरही पोटाशी एक चुरगळलेली रेघ राहिलीच. "ही सुरकुती काही निघायची नाही," भावोजी म्हणाले, पण गंमत म्हणून नाही.

भाची आली ती सर्दीनं नाक लाल करून. पट्ट्याला उलटंपालटं करून तिनं नीट बघितलं. "भिजवायचं पाणी कोण बघायचं?"

"आई."

"आई? या खोलीत?" ती हसली. "बरं झालं. बाबा, लहानपणी माझ्या कपाळाला हात लावून तुम्ही दरवेळी म्हणायचात, ताप नाही, जा शाळेत."

ती थट्टेनंच म्हणाली. भावोजी हसले नाहीत. तिनं पट्ट्याला परत पेटीत ठेवलं, आकडा वाचला आणि म्हणाली, "राहू दे इथेच."

निघताना दारात तिला शिंका सुटल्या. भावोजींचा हात सवयीनं तिच्या कपाळाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला.

"अगं," त्यांनी आत ताईला हाक मारली, "जरा येतेस? हिचं कपाळ बघ."