मिरजेची गिटार

मिरजेच्या फलाटावर माझे वडील, आबा, माझ्या ट्रंकेला दोरी आवळत होते आणि उरलेल्या दोरीनं कुसुम गोधडीत गुंडाळलेली गिटार बांधत होती. आबा आदल्या दिवशीच मेढ्याहून आले होते. सगळं आयुष्य फौजेत गेलेलं. निरोपाच्या वेळी त्यांना फक्त सामान दिसायचं. गोधडीतून बाहेर आलेली गिटारीची मान बघून ते म्हणाले, "कुवेतला दवाखान्यात चाललीयास का बँडात?" कुसुम खळखळून हसली. मला हसू आलं नाही. गिटार कुसुमची होती, आणि कुसुम गाडीत बसणार नव्हती.

आम्ही दोघी मिरजेला नर्सिंग शिकलो. होस्टेलवर खोली एकच. दुपारी ड्यूटी नसली की दार लावून घ्यायचं आणि सिनेमातली जुनी गाणी आपल्या पद्धतीनं म्हणायची. रेडिओवर त्या गाण्यांमागं पन्नास वाजंत्री असायचे. आमच्याकडं माझा गळा आणि कुसुमची गिटार, एवढंच.

ती गिटार तरी कसली! सतारी बनवणाऱ्या एका चाचांनी कॅलेंडरवरचं चित्र बघून ती केलेली. त्यांचा जन्म सतारीत गेलेला. त्यामुळं गिटारीच्या मानेवर पक्क्या पट्ट्या ठोकायच्या सोडून त्यांनी सतारीसारखे पितळी पडदे दोऱ्यानं बांधून दिले. बोटानं ढकलला की पडदा सरकायचा आणि सूर बदलायचा. पाचगणीच्या इंग्रजी शाळेतली एक मुलगी पेशंटला भेटायला आली होती, ती हे वाद्य बघून पोट धरधरून हसली. कुसुमनं मात्र चाचांच्या चुकीचं सोनं केलं. मला गायला लावायची आणि एकेक पडदा केसभर सरकवत माझ्या गळ्याला लावून घ्यायची.

एक गाणं तिनं फार सुंदर बसवलं होतं. सुरुवातीला दोनच तारा. मग माझा आवाज. आणि अंतऱ्याच्या आधी, जिथं मूळ गाण्यात सनया आणि व्हायोलिनं नुसती कोसळतात, तिथं एक अख्खी ओळ काहीच नाही. "हितं म्या वाजवायचं न्हाई, तू गायचं न्हाई," ती म्हणायची. "गप ऱ्हायचं. मग बघ अंतरा कसा येतोय." मला ती शांतता असह्य व्हायची. मी दर वेळी घाई करायची आणि ती दर वेळी माझ्या मांडीवर चापट मारायची.

कुवेतसाठी आमची दोघींचीही निवड झाली होती. त्याच महिन्यात तिच्या आईचं, अव्वाचं, एक अंग लुळं पडलं. भाऊ फौजेत, वडील उसाच्या रानात. कुसुमनं कागद फाडून टाकले. "तू जा गं. दोघी हितं बसून काय उजेड पाडणार हाय?" आणि गिटार माझ्या हातात दिली. "पडदे तुझ्या गळ्याचे हायत. मला काय करायचेत?"

कुवेतला आल्यावर मी काय काय शिकले! एसीत स्वेटर घालून झोपणं, मेट्रनशी इंग्रजीत भांडणं, खोलीतल्या केरळच्या मुलींबरोबर भात खाणं. कॅसेट रेकॉर्डर घेतला, दुसरा कुसुमला धाडला. मग आमच्या कॅसेटी सुरू झाल्या. सुट्टीवर जाणाऱ्या कुणाच्याही हाती द्यायची. एका बाजूला माझं गाणं, दुसरी बाजू तिच्यासाठी कोरी. तिची बाजू नेहमी "लीले, ऐक गं" अशी सुरू व्हायची. मागं अव्वाचं खोकणं, म्हशीचं हंबरणं. ते मी गाण्यापेक्षा जास्त वेळा ऐकलं.

मग तिथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम झाला. मी तेच गाणं गायले, कुसुमनं शिकवलेलं तेवढं वाजवलं, आणि पहिल्यांदाच त्या शांततेत घाई केली नाही. हॉलमध्ये कुणी हललं नाही. टाळ्या थांबल्यावर सूत्रसंचालकांनी माइकवर विचारलं, "ही मधली शांतता कुणाची कल्पना?" मी म्हणाले, "माझीच. सहज सुचली."

का म्हणाले? आजही सांगता येत नाही. तिथं कुणी कुसुमला ओळखत नव्हतं, खरं बोलायला दोन शब्द पुरले असते. पण सगळे माझ्याकडं बघत होते आणि मला ते आवडलं होतं.

कार्यक्रम मी कॅसेटवर घेतला होता. दुसऱ्याच दिवशी एक ओळखीची नर्स सांगलीला निघाली. गाण्यानंतर घाईघाईनं दोन वाक्यं भरली, "कुसुम, उन्हानं दोरे ढिले पडलेत, पडदे सरकलेत. पेटीवर एकेक सूर वाजवून पाठव, म्हणजे लावून घेईन." कॅसेट मागं फिरवून ऐकली नाही. गाणं आणि या निरोपाच्या मध्ये माझं "माझीच, सहज सुचली" तसंच राहिलं. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा ती नर्स घरी पोचलीही असेल.

पाच महिने काही आलं नाही. मग कॅसेट आली. "लीले" नाही, अव्वा नाही, म्हैस नाही. नुसते पेटीचे सूर, एकामागून एक, पडदा लावून होईल इतका वेळ धरलेले. नावडत्या पेशंटचंही ड्रेसिंग आम्ही जसं नीट करतो, तसं. मी सूर ऐकून पडदे लावले आणि रडले. कोऱ्या बाजूवर माफी मागायला चार वेळा बसले, चारही वेळा पुसून टाकलं.

यंदा सुट्टीत मेढ्याला जायच्या आधी गिटार घेऊन तिच्या गावी गेले. दारातच म्हणाले, "कुसुम, मी चोरी केली. तुझं नाव घ्यायला हवं होतं." ती म्हणाली, "आत ये. अव्वा वाट बघतीया." गोधडी सोडली, गिटार मांडीवर घेतली, एक पडदा केसभर सरकवला. "ह्यो अजून चुकतोय." मग दोन तारा छेडल्या. मी गायले. ती ओळ आली आणि आम्ही दोघी गप्प राहिलो. अव्वा बाजेवरून आमच्याकडं बघत होती. अंतऱ्यात माझा आवाज फाटला, तरी कुसुम वाजवत राहिली.

निघताना मी गिटार उचलली तर तिनं हात धरला. "ही हितंच राहू दे आता."

"अगं, पडदे माझ्या गळ्याचे आहेत."

"व्हय. म्हणून तर. गावंसं वाटलं की ये."

तिनं माफ केलं की शिक्षा दिली, कुवेतला परतले तरी मला अजून कळलेलं नाही. तिकडं राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या इकडं आलेल्यांनो, घर कुठं असं कुणी विचारलं की मी मेढा सांगायचे. आता जीभ अडखळते आणि मिरजेजवळची ती बाज, ती म्हैस डोळ्यांपुढं येते. परवा मंडळाचे लोक पुन्हा बोलवायला आले. मी सांगितलं, ते गाणं कुसुमनं बसवलंय, ती मिरजेकडं असते, तिच्याशिवाय होत नाही. ते गेल्यावर पुढच्या सुट्टीचा अर्ज लिहिला आणि मेट्रनच्या टेबलावर ठेवून आले.