तात्यांच्या कुस्तीतली पकड

"ह्यात हातच दिसंना की ओ! काय केलंसा ह्या कुस्तीचं?"

मंगळवार पेठेतल्या माझ्या दुकानाच्या पायरीवरूनच तात्या ओरडले. मागे त्यांची नात अश्विनी, हातात मोबाईल. जुन्या कॅसेटवरचं शूटिंग कॉम्प्युटरवर घ्यायचं, हा माझा धंदा. तात्यांनी गावच्या मैदानातली एक जुनी कुस्ती माझ्याकडून करून नेली होती. येत्या जत्रेत अश्विनीची गाठ तिच्याहून उंच पोरीशी होती. तिला रोखायचं तर या कुस्तीतली मानेवरची पकड शिकायला हवी, असं तात्यांचं मत.

मी फाईल लावली. एक पैलवान वर, एक खाली; आणि पकड पडते त्याच क्षणी पडद्यावर नुसता तांबडा चिखल.

"ही फाईल माझी नव्हे, तात्या."

"तुमचीच की. मोबाईलात मावंना, म्हणून घरात बारीक केली. फुकटचं सॉफ्टवेअर हाय. दिवसभर लॅपटॉप तापलाता."

हे बारीक करणं म्हणजे कॉम्प्रेशन. सॉफ्टवेअर एक चित्र पूर्ण ठेवतं आणि पुढच्या चित्रांत बदललं तेवढंच लिहून घेतं. जागा फारच कमी दिली, की त्यातलंही बारीकसारीक सोडून देतं. लग्नात माणसं जेवत बसलेली असतात, तिथं हे खपून जातं. इथं माती तांबडी, मातीत लोळलेली अंगंही तांबडी आणि झटापट वेगाची. सॉफ्टवेअरनं बोटं आणि माती एकच धरली.

"मोठी फाईल कुठाय?"

"उडवली की. जागा खात हुती."

"आणि कॅसेट?"

"भंगारात."

मला रागच आला. गिऱ्हाइकाची फाईल मी महिनाभर ठेवतो, मग पुसतो. तो महिना कधीच उलटला होता. गेलेलं परत आणायचं बटण नसतं, हे पुन्हा पुन्हा सांगताना माझा आवाज चढला. अश्विनी रडवेली झाली.

"वरच्या पैलवानाला इचारूया की, आज्जा."

"त्यो गेला."

"मग खालच्याला?"

तात्या शर्टाची वरची बटणं काढत म्हणाले, "खालचा मीच हाय."

पोरीला हे ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. घरात त्यांनी फक्त मारलेल्या कुस्त्या सांगितल्या होत्या, ही हरलेली नव्हे. मी खुर्च्या सरकवल्या. तात्या फरशीवर पालथे झाले.

"धर मान. तितं न्हवं, कानाच्या खाली. कोपर आत घे. आता दाब."

"लागंल की तुमास्नी."

"लागू दे! लागल्याबिगर बरोबर हाय का कसं कळंल?"

तिनं दाबलं. तात्यांचा तळहात फरशीवर आपटला.

"हां. हितंच धरलंतं त्यानं."

मघाचं माझं ओरडणं मलाच नको झालं.

जत्रेत अश्विनीनं त्याच पकडीवर कुस्ती मारली. घरी व्हिडिओ बारीक करावा का, असं गिऱ्हाइकं मला अजून विचारतात. करा की. पण नवी फाईल शेवटपर्यंत बघितल्याशिवाय जुनी उडवू नका. खालचा पैलवान दर वेळी दुकानात येत नाही.