शंबेतचा गुरुवार

आमच्या नारिन शहराच्या थिएटरात सायराकान एजेनं एकतीस वर्षं कपडेपट सांभाळला. मी राजा व्हायचो तेव्हा माझा झगा तिच्या इस्त्रीखालून यायचा आणि त्याबरोबर शेराही यायचा, की पोट आत घे, उपाशी प्रजेच्या राजाला एवढं पोट शोभत नाही. वयानं ती माझ्याहून थोडी मोठी, म्हणून एजे, म्हणजे ताई. तिचा नवरा शंबेत पडदा ओढायचा. नऊ वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या टेकडीवरच्या कब्रस्तानात त्याला ठेवून आम्ही परतलो.

तेव्हापासून दर गुरुवारी ती त्याच्यासाठी बोरसोक तळते. कणकेचे हे छोटे फुगे आमच्याकडे घरोघरी तळले जातात. कढत तेलाचा वास वारलेल्या माणसांपर्यंत पोचतो आणि तेच त्यांचं जेवण, असं आम्ही मानतो. बाकीचे लोक तळून दुवा मागतात. एजे तळता तळता भांडते. मी भिंतीपलीकडेच राहतो, मला सगळं ऐकू येतं. मेहुणीच्या लग्नात शंबेत आपल्याला विसरून एकटाच घरी निघून आला होता, हे तिला महिन्यातून एकदा तरी आठवतं. मग खिडकी धाडकन बंद होते आणि सगळ्या जिन्याला कळतं, आज शंबेत उपाशी. पाच मिनिटांत ती पुन्हा उघडते. त्याहून जास्त वेळ तिलाच राहवत नाही.

गेल्या हिवाळ्यात तिला ताप आला. तो गेला, पण जाताना तिच्या नाकाची शक्ती घेऊन गेला. हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. तळणं चालू राहिलं, फक्त तेल खवट झालं होतं. पहिली बशी नेहमी माझ्याकडे येते. मी खायचो, डोळे मिटायचो, वा म्हणायचो. असे चार गुरुवार काढले. पाचव्या गुरुवारी जिन्यातल्या मांजरीनं माझ्या हातातला बोरसोक हुंगला आणि तोंड फिरवून निघून गेली. एजे दारातच उभी होती.

"तुला कळत होतं?" तिनं विचारलं.

मी मान डोलावली.

"चाळीस वर्षं रंगभूमीवर घालवलीस, आणि एवढं चांगलं काम माझ्या स्वयंपाकघरात केलंस होय." मग ती स्टुलावर बसली. "मला काहीच वास येत नाही रे. त्याच्यापर्यंत पोचतोय की नाही, कसं कळायचं मला? नऊ वर्षांत तो माझ्या हातून उपाशी राहिला तो माझ्या मर्जीनं. असा नाही."

पुढच्या गुरुवारी नवं तेल आलं आणि माझी नेमणूक झाली. मी मोबाईल कानाला लावून टेकडीपर्यंत चालत जायचं आणि वास कुठवर येतो ते सांगायचं. पुलावर तिनं विचारलं, वास येतोय, मी म्हणालो. कब्रस्तानाच्या फाटकाशी पुन्हा विचारलं. तिथे फक्त बर्फाचा आणि घोड्याच्या लिदीचा वास होता. पण माझ्यातला नट कुठला गप्प बसतो.

"येतोय, एजे. अगदी शंबेतच्या उशाशी दरवळतोय."

"मी अजून कढई चढवलेली नाही," ती म्हणाली.

रंगमंचावर मी अनेकदा वाक्यं विसरलोय, पण इतका उघडा कधी पडलो नव्हतो.

"आता चढवते. तिथेच उभा राहा. आणि या वेळी नटासारखं नको, शेजाऱ्यासारखं सांग."

मी उभा राहिलो. गुडघे गारठले. फोनमधून तेलाची चरचर ऐकू आली. तिनं विचारलं. नाही येत, म्हणालो. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. नाही, एजे.

फोनमध्ये झारा कढईवर आपटल्याचा आवाज आला.

"बरं झालं. आता तुझ्यावर विश्वास बसला," ती म्हणाली. "तिथवर कसा यायचा वास? थिएटरात मी त्याला कधी डबा तरी पोचवला का? भूक लागली की स्वतःच घरी यायचा. तसाच येत असेल. तूही ये, आणि जिन्यात थांबून तेल कसं आहे ते सांग."

दुसऱ्या मजल्यापासूनच वास होता, ताजा आणि भरपूर. मी तसं सांगितलं. तिनं माझा चेहरा नीट निरखला, खात्री करून घेतली आणि मग आत वळून शंबेतच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "ऐकलंस ना? आता तेलाची कुरकुर पुरे."